पुराचा इशारा शेवटच्या घरापर्यंत कसा पोचवायचा

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या नियंत्रण कक्षात मी बारा पावसाळे काढले. फोन घ्यायचा, आकडे वहीत उतरवायचे, गावांना कळवायचं आणि शेवटच्या रकान्यात ‘कळवले’ लिहून वेळ टाकायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे फोन आला. पलीकडं एक आजी होत्या. “साहेब, पाणी उंबऱ्याला लागलंय. आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई.” वही उघडली. त्या गावापुढं आदल्या दिवशीची दुपारची वेळ होती आणि ‘कळवले’ असा शेरा होता. शेरा खोटा नव्हता. निरोप ग्रामपंचायतीत पोचला होता, व्हॉट्सॲपच्या गटावरही पडला होता. पण ओढ्यापलीकडच्या सात घरांच्या वस्तीवर तो गेला नव्हता. आजी वाचल्या, दोन शेरडं गेली.

‘कळवले’ आणि ‘कळले’ यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कसं बुजवायचं, त्यासाठी हा लेख आहे. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि गावातली तरुण मंडळं यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. उदाहरणं माझ्या ओळखीच्या कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली आहेत, पण नदी कुठलीही असली तरी पद्धत हीच.

मे महिन्यात करायचं काम: गावाची मोजपट्टी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात हे आकडे दोन्ही जिल्ह्यांत पोराबाळांच्याही तोंडी असतात. पण आयर्विनला ४३ फूट झाले म्हणजे माझ्या गोठ्यात किती, हे त्या आकड्यात नसतं. एका शेतकऱ्यानं मला फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “फूट-बीट ऱ्हाऊ द्या साहेब. मारुतीच्या पायरीला लागतंय का न्हाई तेवढं सांगा.”

त्याचं बरोबर होतं. नदीकाठचा माणूस पाणी खुणेनं मोजतो. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला म्हटलं की कृष्णा-पंचगंगेचं पाणी कुठवर चढलंय हे शिरोळ तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दत्त महाराजांच्या पादुकांवरून पाणी दक्षिण दारानं बाहेर पडतं, म्हणजे नदी किती फुगली असेल हे ज्याचं त्याला उमगतं. प्रत्येक गावात अशी एखादी खूण असतेच. स्मशानशेड, पाराचा कट्टा, शाळेचं फाटक, दूध डेअरीची पायरी.

म्हणून मे महिन्यात गावातली चार जुनी माणसं घेऊन एक दुपार फिरा. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठं आलं होतं ते विचारा, भिंतीवरच्या खुणा बघा. मग एका कागदावर तक्ता करा. डावीकडं जवळच्या मोजणी ठिकाणची पातळी, उजवीकडं त्या पातळीला आपल्या गावात पाणी कुठं येतं. कुठला रस्ता आधी बंद होतो, कुठली वस्ती आधी तुटते, तेही त्यातच लिहा. वस्ती बुडायच्या आधी बऱ्याचदा रस्ता बुडतो. माणसं कोरड्या घरात बसून राहतात आणि बाहेर पडायला वाट उरत नाही.

वरच्या धरणातून सोडलेलं पाणी गावाला यायला साधारण किती तास लागतात, हे पाटबंधारेच्या शाखा अभियंत्याला विचारून त्याच तक्त्यात टाका. ठरलेल्या दिवशी विचारलंत तर तो निवांतपणे सांगतो. पुराच्या रात्री त्याला फोन घ्यायलाही उसंत नसते.

त्याच फिरतीत दुसरी यादी करा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, अंथरुणाला खिळलेल्यांची, ऐकू न येणाऱ्यांची, दिवस भरत आलेल्या बायकांची, डायलिसिसवर असलेल्यांची. आशाताई आणि अंगणवाडीताईंना ही घरं तोंडपाठ असतात. प्रत्येक नावापुढं शेजारच्या एका माणसाचं नाव लिहा आणि त्या माणसाला ते सांगा. यादी कपाटात राहिली तर तिचा काही उपयोग नाही.

वरून आलेला निरोप नीट वाचा

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत झालेत, अर्थ मात्र थोड्यांना. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. रंग साधारणपणे अख्ख्या जिल्ह्याला दिलेला असतो, तुमच्या गावाला नव्हे. सोबत ‘तुरळक ठिकाणी’ असं लिहिलं असेल तर त्या भागातल्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा ठिकाणी तेवढा पाऊस अपेक्षित आहे. ‘मुसळधार’ आणि ‘अति मुसळधार’ हे शब्दही ठोकळमानानं वापरलेले नसतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं मुसळधार, ११५.६ च्या पुढं अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार.

हे लोकांना समजावून सांगणं तुमचं काम आहे, कारण लाल इशारा येऊन गावात ऊन पडलं की पुढच्या लाल इशाऱ्याला कुणी हलत नाही.

दुसरा घोळ धरणाच्या पाण्याचा. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ एवढा निरोप फिरला की कोल्हापुरापासून इचलकरंजीपर्यंत धडकी भरते. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणी येऊन उघडत नाही. एका दरवाजातून साधारण १,४२८ क्युसेक पाणी जातं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे एका दरवाजातून दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर. सातही उघडले तर दहा हजार क्युसेकच्या आसपास. नदी आधीच तुडुंब असेल तर हे पाणी भारी पडतं, पात्रात जागा असेल तर सामावून जातं. नुसतं ‘दरवाजे उघडले’ यातून यातलं काहीच कळत नाही. कुठल्या धरणाचे किती दरवाजे, किती क्युसेक, आपल्याकडं खाली पातळी आत्ता किती आणि पाणी कधी पोचेल, हे चारही विचारून घेतल्याशिवाय निरोप पुढं ढकलू नका.

निरोप कसा लिहायचा

सरकारी निरोप बहुतेक वेळा असा येतो: ‘धरणातून ५०,००० क्युसेक विसर्ग सुरू असून नदीपात्रातील पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

यात चूक काही नाही. पण सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? म्हशी सोडायच्या का? आज रात्री घरात झोपायचं की नाही? माणसाला निर्णय घ्यायचा असतो आणि निरोप त्याला काळजी देऊन मोकळा होतो.

तोच निरोप मी असा लिहीन. हा नमुना आहे. खुणा, वेळा आणि ठिकाणं तुमच्या गावाची घाला:

‘आज मंगळवार, ६ ऑगस्ट. दुपारचे ४ वाजलेत. मी आपल्या गावची सरपंच बोलतेय. पाटबंधारे विभागाच्या अंदाजाप्रमाणे आज रात्री ११ वाजेपर्यंत पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागेल. मळ्याचा रस्ता त्याआधी, ८ च्या सुमारास बंद होईल. मळ्यातली आणि ओढ्यापलीकडची सगळी घरं आज संध्याकाळी ६ च्या आत हायस्कूलमध्ये या. जनावरं बाजार समितीच्या आवारात बांधायची, तिथं वैरण आहे. येताना औषधं, आधार कार्ड, रेशन कार्ड, चार्जर घ्या. गाडी लागणार असेल तर पोलीस पाटलांना फोन करा. वेशीच्या आतल्या घरांनी आज निघायची गरज नाही. पुढचा निरोप रात्री ८ वाजता.’

हा निरोप मोठ्यानं वाचून बघा. मिनिटाच्या आत संपतो.

दिवस, तारीख आणि वेळ सगळ्यात आधी घेतलीय, कारण आवाजाची क्लिप फिरत राहते. मागच्या वर्षीची क्लिप यंदा पुन्हा येते आणि ऐकणाऱ्याला ती आजचीच वाटते. रात्रीच्या वेळेबाबत विशेष जपा. ‘मंगळवारी रात्री १ वाजता’ म्हटलं की निम्म्या गावाचा एक दिवस चुकतो. ‘आज मंगळवारची रात्र उलटून पहाटे १ वाजता’ असं बोला.

कोण बोलतंय ते नावानिशी सांगा. निनावी निरोपावर कुणी घर सोडत नाही.

कुणी निघायचं आणि कुणी निघायचं नाही, दोन्ही सांगा. दुसरं नेहमी राहून जातं. मग ज्यांना धोका नाही ते घाबरून रस्त्यावर येतात आणि ज्यांना निघायला हवं त्यांची वाट अडते.

आणि जनावरांचा उल्लेख वगळू नका. माझ्या अनुभवात नदीकाठच्या घरात पहिला प्रश्न एकच असतो, “आणि म्हशींचं काय?” २०१९ ला आणि २०२१ ला कितीतरी माणसं केवळ गोठ्यासाठी मागं राहिली. दावणीला दोन दुभत्या म्हशी म्हणजे घरचा चालता संसार. त्यांची सोय सांगितल्याशिवाय माणसं हलणार नाहीत, आणि त्यात त्यांचा हट्ट आहे असं मला कधी वाटलं नाही.

भाषेचंही बघा. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बाहेरच्या राज्यांतले कितीतरी कामगार आहेत, शिरोळकडं कानडी बोलणारी घरं आहेत. तोच निरोप एकदा हिंदीत आणि गरज असेल तिथं कन्नडमध्ये सांगायला दोन मिनिटं लागतात. छापील मराठी टाळा. ‘स्थलांतरित व्हावे’ नको, ‘हायस्कूलमध्ये या’ म्हणा. ‘सखल भाग’ म्हणण्यापेक्षा वस्तीचं नाव घ्या.

एका वाटेवर विसंबू नका

व्हॉट्सॲप झटपट आहे, पण म्हाताऱ्या माणसाकडं बटणाचा फोन असतो आणि पुराच्या पहिल्या रात्री गटावर शंभर निरोप पडतात. त्यात तुमचा कुठं गेला ते शोधावं लागतं. पुरासाठी वेगळा गट करा, त्यात फक्त तीन माणसांना लिहिता येईल अशी सोय ठेवा आणि ‘सुप्रभात’ तिथं चालणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, घंटागाडीवरचा स्पीकर, दवंडी, चावडीवरचा फळा आणि दारोदारी जाणारी माणसं, यातल्या किमान तीन वाटांनी एकच मजकूर गेला पाहिजे. मजकूर शब्दाला शब्द तोच हवा. भोंग्यावर एक वेळ आणि फळ्यावर दुसरी असेल तर लोक दोन्ही सोडून देतात.

सरकारकडून थेट मोबाइलवर येणारा इशारा वेगळा असतो. फोन मोठ्यानं किंचाळतो आणि पडद्यावर मजकूर येतो. २०२३ मध्ये चाचणी म्हणून असे संदेश पाठवले गेले, तेव्हा फोन हॅक झाला समजून बऱ्याच जणांनी धास्ती घेतली. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर तो येतो, नंबर कुणी दिलेला असायची गरज नाही. तो बंद करून टाकायचा नाही, वाचायचा, हे ग्रामसभेत सांगून ठेवा.

आता पोच. एका माणसाला पंधरा-वीस घरं वाटून द्या. त्यानं प्रत्येक घरात तोंडानं निरोप सांगायचा आणि उलट विचारायचं, “मावशी, कुठं जायचं आणि कितीच्या आत, सांगा बरं?” मावशींनी बरोबर सांगितलं तर घरापुढं खूण करायची. कुलूप असेल तर ‘कुलूप’ लिहायचं आणि तासाभरानं परत जायचं. सगळे कागद ग्रामपंचायतीत एकत्र आले की मगच तालुक्याला ‘कळवले’ म्हणायचं. माझ्या हातात पुन्हा ती वही आली असती, तर मी शेवटच्या रकान्याचं नाव बदलून ‘किती घरांनी परत सांगितलं’ असं केलं असतं.

निरोप उलट्या दिशेनंही वाहू द्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, तेव्हा गाव दिसत नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या, आणि त्यानं ते कळवलं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, डोंगराला भेग दिसली, विहिरीचा रंग बदलला, तर लोकांनी १०७७ वर फोन करावा. हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा टोल फ्री क्रमांक, तो प्रत्येक फळ्यावर मोठ्या अक्षरात हवा. फोन करणाऱ्याला “बघतो” म्हणून वाटेला लावू नका. काय बघितलं आणि काय ठरलं ते परत त्याला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी तो फोन करणार नाही.

“२००५ ला इथवरच आलं होतं”

सगळ्यात अवघड माणूस घाबरट नसतो. अवघड तो, ज्याला आधीचा अनुभव आहे. २०१९ ला दारोदार हेच ऐकलं. “२००५ ला त्या खांबापर्यंत आलं होतं. त्याच्यावर येत नसतंय.” त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मग २०२१ ला लोक २०१९ ची खूण दाखवायला लागले आणि पाणी ५६ फुटांच्या वर गेलं.

अशा माणसाशी आकड्यांवरून वाद घालू नका, त्याची खूण मान्य करून पुढं बोला. “आबा, खांबापर्यंतच येईल असं धरू. पण रस्ता तर त्याच्या आधीच बुडतोय. रात्री वहिनींना काही झालं तर न्यायचं कसं?” घरातल्या सुनेशी बोला, मुलांना आधी पाठवा, म्हातारीला आधी हलवा. निम्मं घर हायस्कूलवर गेलं की उरलेलं तासाभरात येतं. गणवेशातल्या माणसापेक्षा भावकीतल्या माणसाचा शब्द चालतो, हे मी वारंवार पाहिलंय.

उशिरा निघण्याची किंमत फार मोठी असते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथं माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलांसह कितीतरी जीव गेले. कोरड्या रस्त्यानं चालत जाता येतं तोवर निघणं आणि बोटीची वाट बघणं यात काय फरक आहे, हे लोकांना त्या गावाचं नाव घेऊन सांगा. बोट लागलीच, तर एका खेपेला किती माणसं, जॅकेट कुणाला, आधी कोण, हे काठावर भोंग्यावरून जाहीर करा. आणि ‘पुढची खेप येणार आहे’ हे पुन्हा पुन्हा सांगत राहा. गर्दी पुढं रेटते ती पुढची खेप येणार नाही या भीतीनं.

अफवा

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाणी येतंय, धरण फुटलंय अशी आवई रात्री उठली आणि पळापळीत चेंगरून माणसं मेली. मेली ती त्या बातमीनं. पाणी आलंच नव्हतं.

अफवा रिकाम्या वेळेत उगवते. म्हणून निरोपाच्या वेळा बांधून घ्या. सकाळी ८, दुपारी १२, ४, रात्री ८, आणि पाणी चढत असेल तर दर दोन तासांनी. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी बोला: ‘रात्रीचे ८ वाजलेत. पाणी दुपारपासून आहे तिथंच आहे. पुढचा निरोप १० वाजता.’ एक निरोप चुकला की त्या जागी दुसरा कुणीतरी काहीतरी बोलतोच.

अफवा खोडताना आधी खरं सांगा. ‘धरण फुटलेलं नाही’ असं भोंग्यावरून ओरडलात तर लांबच्या घरात ‘धरण फुटलं’ एवढंच ऐकू जातं. ‘धरण सुरक्षित आहे, अर्ध्या तासापूर्वी धरणावरच्या अभियंत्याशी बोललो’ असं म्हणा. जुना व्हिडिओ फिरत असेल तर तो पुन्हा पुढं पाठवून त्यावर ‘खोटं’ लिहू नका, तो आणखी फिरतो. त्याच जागेचा आत्ताचा फोटो काढा, तारीख-वेळ टाका, तो पाठवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली खोटा इशारा पसरवून घबराट उडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे लोकांना माहीत असावं, पण कायद्याची भीती हे शेवटचं हत्यार. निम्म्याहून अधिक लोक काळजीपोटी निरोप पुढं ढकलतात. त्यांना “मला आधी विचारत जा” एवढं आपुलकीनं सांगितलं तर पुरतं.

बेपत्ता आणि मृत माणसांची नावं गटावर टाकू नका. आधी घरच्यांना, समोरासमोर, त्यांच्या माणसासोबत.

वीज गेल्यावर

पाणी डीपीजवळ आलं की महावितरण वीज तोडते, तसं करावंच लागतं. काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्या संपतात आणि फोन मुके होतात. म्हणून ‘फोन आणि बॅटऱ्या चार्ज करून ठेवा’ हा निरोप विजेच्या आधी गेला पाहिजे, आणि टॉवर बंद पडला तर कुठं जमायचं हे ग्रामसभेतच ठरलेलं पाहिजे. बॅटरीवरचा भोंगा, सेलवरचा रेडिओ आणि आकाशवाणीच्या बातम्या ऐकून लिहून घेणारा एक माणूस, एवढं जवळ असलं तरी गाव आंधळं राहत नाही.

पाणी उतरताना

पाणी उतरायला लागलं की लोक घराकडं पळतात, आणि इथं निरोप बंद पडलेले असतात. घरी कधी जायचं हे रस्त्यानुसार सांगा. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच लावायचा नाही, भिंतीला भेग असेल तर आत जायचं नाही, अडगळीत साप असतात, विहिरीत क्लोरीन टाकल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. पंचनाम्याला तलाठी कधी, कुठल्या गल्लीत येणार हे आदल्या दिवशी जाहीर करा आणि चिखल काढायच्या आधी फोटो काढून ठेवायला सांगा. ‘फॉर्म भरून देतो, पाचशे द्या’ म्हणणारे याच दिवसांत फिरतात. पंचनाम्याला पैसे लागत नाहीत, हे फळ्यावर लिहून ठेवा.

तुमचा इशारा चुकला असेल, पाणी पायरीला लागलंच नसेल, तर दुसऱ्या दिवशी भोंग्यावर तसं सांगा. अंदाज काय होता, पाणी कुठवर आलं, का कमी आलं. एकदा आमच्या कक्षानं दिलेला अंदाज दोन फुटांनी चुकला. एका सरपंच ताईंनी ते गावाला जसंच्या तसं सांगितलं, कुणावर ढकललं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या गावातली घरं सगळ्यात आधी रिकामी झाली.

आणि भिंती धुण्याआधी, गाळाची रेघ दिसतेय तोवर, रंगाचा डबा घेऊन बाहेर पडा. देवळाच्या, शाळेच्या आणि डेअरीच्या भिंतीवर त्या रेघेला ठळक आडवी पट्टी मारा. शेजारी तारीख, वर्ष आणि त्या वेळी राजारामला किंवा आयर्विनला किती फूट होते ते लिहा. मग घरी जाऊन मे महिन्यातल्या तक्त्यात तो आकडा भरा.